बोलायच्या आधीच गप्प

"काकू, एक विचारू? रोज सकाळी पहिल्याच फाइलमध्ये तुमची तीच ती चूक होते."

सबटायटलच्या खोलीत काकूंची चूक निघणं म्हणजे नवलच. परदेशी सिनेमांतले संवाद आपल्या भाषेत लिहायचे, कुठली ओळ पडद्यावर कधी येणार आणि कधी जाणार त्या वेळा टाकायच्या, हे काम त्या डोळ्यांत तेल घालून करत. म्हणून तर प्रोग्रामर मुलगी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ येऊन बसली होती.

"एका ओळीत संपायची वेळ सुरू व्हायच्या वेळेआधीची असते. काल तेच, परवा तेच. लायब्ररीतच काही बिघाड आहे का, म्हणून विचारते."

"लायब्ररी चांगली आहे," काकू म्हणाल्या.

लायब्ररी, म्हणजे फाइल वाचून तिच्यातल्या चुका सांगणारा तो प्रोग्राम, काकूंच्या मुलाने लिहिला होता. आधी घरी, आईच्या शेजारी बसून, एकट्या आईसाठी. पुढे तो ऑफिसने घेतला. आतली वाक्यं बदलायचा मात्र त्याने कंटाळा केला, त्यामुळे लायब्ररी खोलीतल्या सगळ्यांनाच आई म्हणायची. पलीकडच्या टेबलावरच्या दाढीवाल्यालासुद्धा. "आई, दहाव्या ओळीत वेळ टाकायची विसरलीस. चष्मा कुठे आहे?" दाढीवाला मुकाट्याने चष्मा शोधायचा.

मागच्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि मुलगा गेला. लायब्ररी राहिली.

आज ती बदलायची होती. बाहेरची गिऱ्हाइकं मिळाली होती आणि त्यांची तक्रार रास्त होती. जुनी लायब्ररी पहिल्या चुकीलाच रुसून बसे, पुढचं काही वाचतच नसे. नव्या आवृत्तीत सगळ्या चुका एकदम दिसणार होत्या: ओळ कितवी, अक्षर कितवं, काय हवं होतं, काय सापडलं. मुलीने मान मोडून ते काम केलं होतं. आणि आई हा शब्द कुठेही राहता कामा नये, असं साहेबांनी बजावलं होतं.

काकूंनी आजची फाइल उघडली. सिनेमाच्या सुरुवातीलाच एक तरुण दारात उभा होता, खांद्याला बॅग. चौथी ओळ त्याची. काकूंनी मुलीच्या देखतच वेळेचे आकडे उलटे टाकले आणि बटण दाबलं.

"आई, चौथ्या ओळीतला माणूस बोलायच्या आधीच गप्प झाला. असं कसं चालेल? बघ जरा."

मुलीने ते वाचलं, मग काकूंकडे पाहिलं. तिला आपल्या प्रश्नाची लाज वाटली. चुका शोधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि ही चूक तिला रोज दिसूनही कळली नव्हती.

"काकू," ती हळूच म्हणाली, "तुमच्या मशीनवर मी जुनीच राहू देते. साहेबांना कळणारही नाही."

काकूंना हो म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं.

"नको. रोज उठून मी त्याला हाक मारायला लावते. आणि तो बिचारा रोज तेच सांगतो." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "दमला असेल गं तो. लाव तुझी नवी."

नवी लायब्ररी बसायला फार वेळ लागला नाही. काकूंनी तीच फाइल पुन्हा तपासायला दिली.

"ओळ ४, अक्षर १८. संपण्याची वेळ सुरुवातीच्या वेळेनंतरची हवी. सापडलेली वेळ आधीची आहे."

"अगदी बोट ठेवून दाखवते की," काकू म्हणाल्या. "चांगलं केलंस."

दाढीवाला आता आपल्याला आई कोण म्हणणार, असं काहीतरी बोलणार होता. त्याने ते गिळलं आणि खाली मान घालून कामाला लागला.

मग काकूंनी चौथी ओळ दुरुस्त करायला घेतली. दारातल्या तरुणाला एकच शब्द बोलायचा होता. "येतो." एवढ्याशा शब्दाला दोन सेकंद पुष्कळ होतात, हे खोलीतल्या सगळ्यांना त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी सिनेमा पुढे जाऊ दिला. तरुण वळला, पायऱ्या उतरला, दिसेनासा झाला. नुसतं रिकामं दार राहिलं, तरी शब्द खाली तसाच होता. आईने आतून येऊन दार लावलं, तेव्हा कुठे काकूंनी संपायची वेळ टाकली.

बटण दाबलं. लायब्ररीला एकही चूक सापडली नाही.