बटण

"हे धरा, मावशी." दीपिका सिस्टरनं साबणाच्या वडीएवढं मशीन रुखमाबाईच्या हातात कोंबलं. "कळ आली का हे बटण दाबायचं. कळ गेली का परत दाबायचं. मी त्या दुसऱ्या बाईले पाहून आलीच."

आणि ती गेलीसुद्धा.

रुखमाबाईनं ते तळहातावर तसंच ठेवलं, जिवंत बेडूक ठेवावा तसं. मूठ काही मिटेना.

मशीनच्या वायरी सुनेच्या पाठीवर गेल्या होत्या. तिथं चार पट्ट्या चिकटवलेल्या. रीता खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून उभी होती. पहिलटकरीण, आणि सकाळपासून कळा. या मशीनला टेन्स म्हणतात, त्यातून पाठीत बारीक करंट जातो, मुंग्या येतात आणि कळेची धार जराशी बोथट होते, असं सिस्टरनं समजावलं होतं. बटण दाबलं की मुंग्या वाढतात. इतका वेळ सिस्टरच दाबत होती. "बरं वाटते जी," रीता म्हणाली होती. रुखमाबाईनं मात्र 'करंट' एवढाच शब्द ऐकला आणि दोन पावलं मागं सरकली. मुलगा हेमराज बाहेर व्हरांड्यात चपला घासत फिरत होता. त्याला आत यायला मनाई होती.

बारा वर्षांत रुखमाबाईनं एकही बटण दाबलं नव्हतं. दिव्याचं नाही, पंख्याचं नाही. हेमराजनं हौसेनं आणलेला मिक्सर पाट्याशेजारी धूळ खात पडला होता. उन्हाळ्यात ती बंद पंख्याखाली बसून घाम पुसायची आणि शेजारणीला हाक मारायची, "ये वं, बटण दाबून दे." शेजारीण म्हणायची, "बाई, तुह्या घरी सून नाई, बटणवाली आना लागते."

आणली. रीतानंही पहिल्या महिन्यात माहेरी फोनवर सांगितलं होतं, सासू चांगली हाये, फक्त बोट उचलत नाई. मग कधीतरी तिनं ही थट्टा सोडली. कुठंही जायचं असो, भर दुपार का असेना, ती पडवीतला दिवा लावूनच निघायची. सासूला अंधारात बसायला नको. आज सकाळी ऑटो दारात उभा राहिला, हेमराज घाई करत होता, तरी ती भिंत धरत धरत मागं फिरली होती. दिवा लावायला.

गावाला यामागचं कारण ठाऊक होतं. रुखमाबाईचा नवरा लटारू बारा वर्षांपूर्वी करंटानं गेला. धान निसवलं की रानडुकरं बांधीत, भाताच्या खाचरात, शिरायची, म्हणून बांधीभोवती तार ओढलेली. चोरूनच, पण सगळेच ओढत. दिवेलागणीला घरातून बटण दाबायचं, तारेत करंट सोडायचा. त्या सांजेला लटारूनं बटण दाबलं, विसरला, आणि पडलेली खुंटी ठोकायला तारेजवळ गेला. मोठा भुलक्कड माणूस, असं गाव अजून म्हणतं. तवापासून बाई बटणाले भेते.

"आई..." रीताची पाठ ताठ झाली. "आली. दाबा."

रुखमाबाईचा अंगठा बटणावर गेला, आणि तिथंच राहिला.

"दाबा ना, आई!"

अंगठा हलेना. गजांवरची रीताची बोटं पांढरी पडली. तिनं कपाळ गजाला टेकलं, ओरडणं दाताखाली धरलं आणि अख्खी कळ तशीच काढली. रुखमाबाई पाहत राहिली. आपण नुसतं पाहतोय, हेही तिला दिसत होतं.

कळ ओसरली. रीतानं मान वळवली. आता ही ओरडेल, असं रुखमाबाईला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"करंट माह्या पाठीत हाये, आई," रीता हळूच म्हणाली. "तुमच्या हाताले नाई लागत."

"माह्या हाताचं भेव नाई वं." रुखमाबाई खाली फरशीकडे पाहत होती. "तुह्या सासऱ्यानं नव्हतं दाबलं. थो काई विसरला नव्हता. खुंटी ठोकाले गेला, थे मले मालूमच नाई. म्या देवाजवळ दिवा लावला, अन् रोजच्यावाणी..."

तिनं अंगठा पुढं केला. जसा काही तो दुसऱ्याच कोणाचा होता.

ज्या देवापुढं तो दिवा लावला, त्यालासुद्धा तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. बाहेर हेमराजच्या चपला दारापर्यंत आल्या आणि परत फिरल्या.

"मालूम हाये मले," रीता म्हणाली. "झोपेत बोलता तुमी. 'म्या दाबलं, बंद करा वं, कोणी तं बंद करा.' लगन झालं तवापासून ऐकून राह्यली. तुमच्या पोराले नाई सांगतलं." पुढची कळ तिच्या पाठीत चढायला लागली होती. तिनं गज आवळले. "आता दाबा."

रुखमाबाईनं दाबलं.

रीताच्या खांद्यांतून एक शिरशिरी गेली. मग श्वास लांब झाला, तुटला, पुन्हा लांब झाला. रुखमाबाई मशीनकडे बघत नव्हती. सुनेच्या घामेजल्या मानेकडे बघत होती, अंगठा बटणावर तयार ठेवून.

"गेली, आई. बंद करा."

रुखमाबाईनं बंद केलं. वेळेवर.