पाचही हजर

दोन दुष्काळांनंतर साखर कारखान्याचा बॉयलर आज पेटायचा होता, आणि यंदा त्याच्यावर नजर ठेवायला कॉम्प्युटर आला होता. प्रोग्राम माकणीच्या उत्तरेश्वरनं लिहिला होता. कॉम्प्युटरनं आपल्या पेटीतल्या पाच खाचांना एकेक करून हाक मारायची, आत बसवलेल्या सर्किट कार्डानं ओ द्यायची. पडद्यावर पाचही कार्डांपुढं 'हजर' उमटलं. पाचवं तर दाब हाताबाहेर गेला की भट्टी बंद करणारं. उत्तरेश्वरनं मान डोलावली आणि चेअरमननी बॉयलर पेटवला.

दाब चढायला लागला तसा उत्तरेश्वर निवांत मनानं खंडेनवमीच्या प्रसादाला गेला. म्हातारा फिटर कोंडिबा कौतुकानं पुढं आला.

"सायब, सकाळी पेटी बंद व्हती तवाच तुमचं बी एक हत्यार काढून पूजेत मांडलं. आता उद्या दसऱ्यालाच उचलायचं."

रिकामी खाच काय उत्तर देते, हे उत्तरेश्वरनं कधी तपासलंच नव्हतं.



पान्ह्यांच्या ओळीत, झेंडूच्या फुलाखाली, पाचवं कार्ड होतं. आणि पलीकडच्या खोलीत पडद्यावर त्याच्यापुढं अजून 'हजर'च होतं.