जावयाचा नाताळ

“त्या शिडीवरून खाली उतर,” बाबा म्हणाले. “माझ्या घरातला तारा मी लावीन.”

जावई निमूटपणे उतरला. तारा टेबलावर ठेवून तो पुन्हा चिमणीशेजारी जमिनीवर बसला. चिमणी म्हणजे त्याची सहा वर्षांची लेक. दोघं मिळून गव्हाणीच्या देखाव्यातल्या लाकडी मेंढ्यांना नवा रंग देत होते. मेंढ्या, मेंढपाळ, मरिया, बाळ, सगळं बाबा सुतारकाम करत होते त्या काळात त्यांनी स्वतः कोरलेलं. जावई शाळेत चित्रकला शिकवायचा, म्हणून दर नाताळला रंगाचं काम त्याच्याकडे. या घरात त्याला तेवढंच करू दिलं जाई.

बाबांची धाकटी लेक झाडाला रंगीत गोळे टांगता टांगता त्याच्याकडे बघत होती. परदेशातल्या इस्पितळात ती नर्स होती. थोरल्या बहिणीला, ताईला, मातीत ठेवून गेली, त्यानंतर ती पहिल्यांदाच घरी आली होती. ताईचा हा नवरा तिला लग्नात ओझरता भेटला होता आणि मग थेट शवपेटीपाशी. तेव्हा ती त्याच्याशी बोलली नव्हती. आज बोलणार होती, एकाच गोष्टीबद्दल.

“हात बरे स्थिर आहेत रे तुझे,” बाबा शिडीवरून म्हणाले. “त्या दिवशी कुठे गेले होते?”

जावयाने ब्रश पाण्यात बुडवला. “चिमणे, या मेंढीचा कान राहिला बघ.”

“आजोबा, निळे कान चालतील?”

“चालतील की. आपल्याकडे काहीही चालतं. जेवायला कोण कोण येतं ते बघतेस ना तू.”

धाकटी तणतणत स्वयंपाकघरात गेली. आई ओव्हनपाशी वाकून केक बघत होती.

“आई, तू याला दरवर्षी बोलावतेस कशाला?”

“चिमणीचा बाप आहे तो.”

“बाबांच्या जिवाला त्रास. तोंड बघितलंस का त्यांचं?”

आईने केकमध्ये सुरी खुपसली, बाहेर काढून निरखली. “अपघातानंतर यांनी अन्न सोडलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. मग राग आला, तेव्हा कुठे उठून बसले. धरून उठायला काहीतरी लागतं गं माणसाला.”

“म्हणून त्या माणसाला ताटावर बसवायचं?”

“केक करपेल,” आई म्हणाली आणि पाठ वळवली.

तो दिवस धाकटीला ऐकून पाठ झाला होता. आई चिमणीला कडेवर घेऊन फाटकात उभी, हात हलवत. गाडीत पुढे दोघे पुरुष, मागच्या सीटवर ताई झोपलेली. उताराच्या वळणावर गाडी झाडावर आदळली. ताई जागच्या जागी गेली. बाबांच्या डोक्याला असा मार बसला, की त्या दिवसातलं त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. जावयाचं मात्र थोड्याफार खरचटण्यावर निभावलं. गाडी कोण चालवत होतं, असं धाकटीने फोनवर विचारलं तेव्हा आई खूप वेळ नुसती रडत राहिली. मग म्हणाली, “जावई.”

जेवायला बसल्यावर बाबांनी हात जोडले. “देवा, या अन्नाबद्दल आभार. या टेबलाशी एक खुर्ची रिकामी आहे. ती कोणामुळे, ते तुला ठाऊक आहे.”

“आमेन,” जावई म्हणाला.

धाकटीने चमचा ताटात ठेवला. माणूस एवढा निगरगट्ट कसा असू शकतो, तिला कळेना. वर आई त्याच्याच पानात केकचा सगळ्यात मोठा तुकडा वाढत होती.

जेवणानंतर भेटी वाटल्या. चिमणीला बाहुली मिळाली, आईला शाल. जावयाने बाबांसाठी लोकरीचे हातमोजे आणले होते. बाबांनी पुडकं हातात घेतलं, वजन केल्यासारखं तोललं आणि न उघडताच सरपणाच्या पेटीत टाकलं. मग चिमणीला मांडीवर घेऊन नाताळची गाणी सुरू केली. आवाज अजून खणखणीत होता. जावई कोपऱ्यात उभा राहून टाळीचा ठेका धरू लागला, तसे बाबा मध्येच थांबले.

“चिमणी आता इथेच राहील,” ते म्हणाले. “आमचं ठरलंय. बाहेर जा, धाकटी काय ते सांगेल तुला.”

आईने हातातली बशी खाली ठेवली. “अहो, असं काय करता...”

“तू गप्प बस.”

अंगणात ऊन उतरायला लागलं होतं. जावई पायरीवर उभा राहून कोट चढवत होता.

“भाऊजी, स्पष्टच बोलते,” धाकटी म्हणाली. “तिच्या आईचा जीव ज्याने घेतला, त्याच्या घरात ती वाढायला नको. मी परतीचं तिकीट रद्द केलंय. मी सांभाळीन तिला. गरज पडली तर वकील लावीन.”

“तुम्ही सगळे मला काय बोलायचं ते बोला. आजवर बोलतच आलात,” तो म्हणाला. “चिमणी नाही देणार.”

“निवांत विचार करा. उद्या येऊन तिचे कपडे द्या.” तिने पर्समधून भाड्याच्या गाडीची किल्ली काढून त्याच्यापुढे धरली. “सणामुळे आता बस मिळायची नाही. ही घेऊन जा.”

त्याने हात पुढे केला नाही.

“का? स्टिअरिंगवर बसायची भीती वाटते? वाटायलाच हवी.”

जावयाने मागे वळून पाहिलं. आत बाबांचं गाणं पुन्हा सुरू झालं होतं. तो दोन पावलं चालत गेला, उघडी खिडकी हलक्या हाताने बंद केली आणि परत आला.

“त्यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस,” तो म्हणाला. “मला गाडी चालवता येत नाही. कधीच येत नव्हती.”