फाट्यापुढचा रस्ता

फाट्यावर पोचून बराच वेळ झाला, तरी मक्सुतचा पत्ता नव्हता. ओराझालीने जीपचं इंजिन बंद केलं नव्हतं. मार्चचा वारा डांबरावरून बर्फाची भुकटी सरपटत नेत होता. चारी बाजूंना नुसता माळ. नजर अडेल असं काही नव्हतंच.

शेजारी रौशान नव्या शालीत अवघडून बसली होती. शाल ओराझालीनेच घेतली होती. त्याचा मुलगा जानिबेक जाऊन दोन हिवाळे झाले होते, आणि सुनेचं हे दुसरं लग्नही त्यानेच जुळवलं होतं. इकडून त्याने तिला फाट्यापर्यंत आणायचं, तिकडून मक्सुतने न्यायला यायचं, असं ठरलं होतं. दोन्ही गावांच्या मध्ये खूण म्हणावी अशी तेवढीच जागा होती.

“बाबा, परत जाऊ या,” रौशान म्हणाली.

“का?”

“त्यांचं मन फिरलं असेल.”

“टायर बसला असेल. आपल्याकडे नवरदेवाच्या आधी टायर दगा देतो.”

ती हसली नाही. थर्मासमधला दुधाचा चहा तिने कपात ओतला आणि त्याच्या हातात दिला. “घरी कणकेचे बाउर्साक तळून ठेवलेत. आठवडाभर पुरतील. मग काय खाणार तुम्ही?”

“मग उपाशी बसेन आणि तुझ्या नावाने बोंब मारेन. पी तू पण, गार होतोय.”

कप रिकामा झाला तरी रस्ता रिकामाच होता. फोनला रेंज नव्हती. फाट्यावरूनच मागे फिरायचं, असं ओराझालीने मनाशी पक्कं केलं होतं. तिचं नवं घर, नवं दार, आपल्याला काही बघायला नको. पण आता त्याने कप पुसून ठेवला, गिअर टाकला आणि जीप फाट्यापुढे घातली.

बरंच अंतर गेल्यावर दूर एक काळा ठिपका दिसला. आधी त्याला वाटलं, कुणाचा तरी चुकार घोडा असेल. मग ठिपक्याला दोन पाय दिसले. वाऱ्यात डोकं खुपसून कुणीतरी एकटंच चालत येत होतं. मागे गाडी नाही, घर नाही, काही नाही.

“तेच आहेत,” रौशान पुटपुटली.

ओराझालीने जीपचा वेग वाढवला. जानिबेकही असाच वादळात ट्रक सोडून निघाला होता. ट्रक सापडला तेव्हा टाकीत डिझेल होतं, केबिनमध्ये जाड पांघरूण होतं. माणूस तेवढा नव्हता.

जीप पुरती थांबायच्या आत तो खाली उतरला.

“अक्कल गहाण टाकलीस का रे? गाडी कुठाय?”

“मागे. बंद पडली, काका. फॅनबेल्ट तुटला.” मक्सुतच्या भुवयांवर बर्फ धरला होता. शब्द नीट फुटत नव्हते.

“मग गाडीतच का नाही बसलास? बंद पडली की गाडी सोडायची नाही! शेंबड्या पोरालाही कळतं हे! वादळ उठलं असतं म्हणजे? कुठे शोधायचं तुला? सांग ना, कुठे शोधायचं?” ओराझालीने डोक्यावरची केसाळ टोपी काढली आणि त्याच्या खांद्यावर, पाठीवर सपासप मारायला सुरुवात केली. मक्सुतने हातसुद्धा आडवा धरला नाही.

“ती फाट्यावर थांबलेली असेल,” तो एवढंच म्हणाला. “तिला वाटलं असतं, मी आलोच नाही.”

ओराझालीचा हात वरच थांबला. वाऱ्याने त्याचे पांढरे केस उडत होते. मग त्याने ती टोपी मक्सुतच्या डोक्यावर घातली, कानांवर ओढली आणि हनुवटीखाली तिचे बंद बांधू लागला. गाठ बसेना. रौशान उतरून जवळ आली. तिने त्याची बोटं हलकेच बाजूला केली आणि गाठ बांधली.

“पुन्हा कधी गाडी सोडून चालत निघालात,” ती मक्सुतकडे न बघता म्हणाली, “तर मी माहेरी निघून जाईन.”

मक्सुत गोंधळला. तिला आईवडील नाहीत, हे त्याला माहीत होतं. “माहेरी? कुठे?”

तिने मानेनेच ओराझालीकडे खूण केली.

ओराझाली जीपच्या मागे गेला, उगाचच दार उघडलं, आपटून बंद केलं. “ऐकलंस ना?” तो तिकडूनच ओरडला. “आणि मी परत धाडणार नाही! चला, बसा आता.”

मक्सुतची मोटार अर्ध्या तासावर रस्त्याच्या कडेला उभी होती. तिचं तोंड गावाकडे वळवून ओराझालीने टोचन लावलं, दोर दोनदा ओढून बघितला. मग जीपमधली गोधडी काढून त्याने रौशानच्या हातात दिली.

“तू त्याच्या गाडीत बस.”

“आणि तुम्ही एकटे?”

“मी काय आज पहिल्यांदा गाडी चालवतोय? स्टिअरिंग हा धरेल. ब्रेकची आठवण तू द्यायची. तुझं ऐकतो की नाही ते आजच कळेल.”

दोर ताणला गेला आणि दोन्ही गाड्या हलल्या. पुढे मक्सुतच्या गावापर्यंत रस्ता सरळ होता, वळण नाही की चढ नाही. ओराझालीने रस्त्याकडे बघायचं केव्हाच सोडलं होतं. तो आरशात बघून गाडी चालवत होता. मागच्या गाडीच्या काचेआड एकाच गोधडीत दोन डोकी होती. एक बोलत होतं, दुसरं हसत होतं. दोराला हिसका बसू नये म्हणून तो दुसऱ्या गिअरमध्येच, बेताबेताने, पुढे जात राहिला.