हरेश्वरचा नवस

बहात्तरच्या वैशाखात वर्सोव्याचा सगळा कोळीवाडा घामाने निथळत होता आणि कमळ गोधडी पांघरून बसली होती. हल्ली मासळीची पाटी उचलली की तिला धाप लागायची, आणि हरेश्वरने जवळ घेतलं की नको नको व्हायचं. नवरा एवढा लाखातला, मग आपल्यालाच काय धाड भरलीय? त्याला सांगायचं तरी कसं, ह्या घोरात ती असताना एक दिवस जेवता जेवता तोच म्हणाला, "आई एकवीरेला नवस बोललोय. तो फिटंपर्यंत मी ओटीवरच झोपनार."

कमळला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

पुढे धाप फारच वाढली, तेव्हा अंधेरीच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा गळा चाचपला, रक्त तपासलं. "थायरॉइडची ग्रंथी मंदावलीय," त्या म्हणाल्या. "थकवा, थंडी, नवरा जवळ नकोसा होणं, सगळं त्यातलंच. तुझ्या मनात काही खोट नाही गं."

रोज सकाळी चहाआधी एक गोळी सुरू झाली. दिवाळीपर्यंत गोधडी पेटीत गेली. मग एका संध्याकाळी कमळने केसांत अबोलीची वेणी माळली आणि ओटीवर जाळं विणत बसलेल्या हरेश्वरला खेटून बसली.

"तुजा नवस कवा फिटायचा रं?"

हरेश्वरच्या हातातली सुई थांबली. जाळ्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "तू इचारशील तवा."