बरोबर उत्तर

"पडले," लोंबे म्हणाली.

"कुठे?"

"नदीवर. घसरले."

तिचं मनगट सुजून टम्म झालं होतं. गावातल्या तिघी आज्या तिच्या अंगणात चटईवर बसल्या होत्या. कुठल्या घरात मारहाण झाली की त्या जाऊन बसत. बाईने तोंड उघडलं, तर नवऱ्याला गावप्रमुखापुढे उभं करत. नाही उघडलं, तर परत फिरत.

"या महिन्यात तिसऱ्यांदा नदी," कुंडा आजी म्हणाली. "नदीला म्हणावं, आता दुसरी कुणी बघ."

लोंबे हसली नाही. आज्या उठल्या. कपेंब्वा आजी सर्वांत मागे होती. लोंबेने तिचा हात धरून हळूच विचारलं,

"बरोबर उत्तर दिलं ना मी, आजी?"

कपेंब्वा जागीच थांबली.

लग्नाआधी महिनाभर नवरीला झोपडीत बसवून संसार शिकवायचा, हे तिचं काम. झाकण घातलेलं मातीचं मडकं मुलीच्या हातात द्यायचं. घरातलं झाकणाखाली. लग्नानंतर अचानक जाऊन परीक्षा घ्यायची.

नवरा मारतो?

नाही, पडले.

शाबास.

पास झाली म्हणून लोंबेला तिने नवं चितेंगे, कमरेला गुंडाळायचं रंगीत कापड, नेसवलं होतं. चार वर्षं झाली. यंदा कपेंब्वा या आज्यांत सामील झाली. जुनी शिकवण मागे घ्यायची राहून गेली.

राहून गेली? की टाळली?

ती पुन्हा चटईवर बसली. "पोरी, ही परीक्षा नाही."

लोंबेने मान खाली घातली. परीक्षा घेतानाही आजी हेच म्हणायची.

मग कपेंब्वाने वरचा ओठ उचलून दोन दातांची रिकामी जागा दाखवली.

"नवऱ्याने पाडले. मुसळाने. मी सगळ्यांना सांगितलं, किडले होते."

"आम्हाला ठाऊक होतं," कुंडा आजी म्हणाली.

लोंबेने सुजलेला हात मांडीवर ठेवला.

"तो मारतो," ती म्हणाली. "गावप्रमुखापुढे सांगेन. पण आधी माझ्या धाकट्या बहिणीकडे चला, आजी. गेल्या वर्षी तिलाही तुम्हीच शिकवलंत. ती माझ्यापेक्षा हुशार निघाली. महिनाभर दाराबाहेरच आलेली नाही."