डावं वळण

“झेहावा, उजवीकडे!” लिरोन माईकवरून ओरडला, आणि सभागृहातल्या साठ जणांदेखत झेहावा डावीकडे वळली.

समोरून येणाऱ्या, गटातल्याच एका दंतवैद्याच्या कपाळावर तिचं कपाळ आपटलं. रिंगण मोडलं. लिरोनने गाणं थांबवलं.

“हा तिसरा मंगळवार,” तो म्हणाला. “कॅमेरा चालू आहे. हे व्हिडिओ बघून ब्राझीलमधली माणसं नाच शिकतात, झेहावा!”

“मग नीट शिकव त्यांना.”

लिरोन इस्रायलमधल्या अफुला गावातल्या या नाचगटाचा प्रमुख होता. गटाचे व्हिडिओ दर आठवड्याला त्याच्या चॅनेलवर चढायचे आणि तीस हजार लोक ते बघायचे. तो सहा वर्षांचा असताना त्याला पहिलं पाऊल झेहावानेच शिकवलं होतं. आता तो चाळिशीचा होता आणि ती त्र्याहत्तरची.

भांडण ‘गव्हाची वाट’वरून होतं. पंचावन्न वर्षांपूर्वी किबुत्झवरच्या, म्हणजे सामुदायिक शेतवस्तीवरच्या, सुगीच्या सणात तिथल्या नृत्यशिक्षिकेने, हेमदाने, तो नाच बसवला होता. एकच प्रयोग झाला आणि पुढे तो मागे पडला. यंदा लिरोनला दिवंगत हेमदाच्या हातचा, पावलं लिहिलेला कागद सापडला आणि त्याने नाच पुन्हा उभा केला. त्या प्रयोगात बारा मुली होत्या. त्यांतल्या दोघी याच सभागृहात होत्या, झेहावा आणि तिची मैत्रीण अदीना.

“कागदावर उजवीकडे लिहिलंय,” लिरोन म्हणाला.

“कागद आधीचा आहे. हेमदाने वळण त्याच दिवशी सकाळी बदललं. मी माझ्या कानांनी ऐकलंय. वळले की अदीनाचं तोंड माझ्यासमोर यायचं. हसू आवरत नव्हतं तिला.”

लिरोन अदीनाकडे वळला. “तू सांग. तूही होतीस ना तिथे?”

अदीना बुटाची नाडी बांधत होती. “मी झेहावाच्या शेजारी उभी राहते,” ती म्हणाली. “ती वळेल तिकडे मी वळते.”

त्या आठवड्याचा व्हिडिओ आला. झेहावा त्यातून कापलेली होती. कडेला तिचा फक्त एक हात उरला होता, दंतवैद्याने धरलेला.

“हात ठेवलाय मेल्याने!” झेहावा म्हणाली. “अदीना, गाडी काढ.”

सभागृहामागच्या वाहनतळावर चार म्हाताऱ्या जमल्या. गाडीच्या टपावर पाण्याच्या बाटल्यांना टेकवून फोन उभा केला. गाणं गाडीच्या स्पीकरवर लावलं. जुलैची दुपार, डांबर तापलेलं. चौघी नाचल्या आणि ढोल वाजला तशा डावीकडे वळल्या. झेहावाने व्हिडिओ स्वतःच्या चॅनेलवर चढवला आणि खाली लिहिलं, “गव्हाची वाट. खरी. ज्याला उजवीकडे जायचं त्याने बस पकडावी.”

दहा दिवसांत दोन लाख लोकांनी तो पाहिला. अर्जेंटिनातल्या एका गटाने आपला व्हिडिओ टाकला, सगळे डावीकडे. मग जपानमधल्या शिक्षिकांचा आला, तोही डावीकडे. टोरांटोतला गट तर दुभंगला आणि दोन वेगळ्या दिवशी नाचू लागला.

अफुलात दर मंगळवारी अर्धं सभागृह इकडे वळायचं, अर्धं तिकडे. दंतवैद्य आता झेहावाच्या बाजूला होता.

अखेर लिरोन तिच्या घरी आला. तिने कॉफी दिली, साखर मात्र विचारली नाही.

“ऑगस्टच्या महोत्सवात हा नाच आहे,” तो म्हणाला. “मंचावर दोन वळणं चालायची नाहीत. कायतरी पुरावा दे. मी माईकवरून माफी मागेन.”

“देते.”

तिने किबुत्झच्या जुन्या संग्रहालयाला पत्र टाकलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. त्या सणाचं चित्रीकरण होतं, नऊ मिनिटांचं. फोनवर चालेल असं करून त्यांनी पाठवलंही होतं.

झेहावाने ते उघडलं नाही. आपल्या चॅनेलवर जाहीर केलं, मंगळवारी सात वाजता, सभागृहात, मोठ्या पडद्यावर. ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी थेट प्रक्षेपण.

“आधी एकदा बघून घेऊ,” लिरोन म्हणाला. “तू आणि मी, दोघंच.”

“मी कशाला बघू? मी तिथे होते. घाबरलास का?”

सोमवारी अदीना सूर्यफुलाच्या बिया घेऊन आली. एकेक सोलत बसली.

“झेहावा, ते राहू दे ना. आपण जिंकल्यातच जमा आहोत.”

“जमा नको मला. त्याने माझा हात ठेवून मला कापलं. सगळ्यांदेखत बघू दे त्याला.”

“तुझी मान कधीच वाकली नाही,” अदीना म्हणाली. “मला आवडतं ते. म्हणूनच सांगते, राहू दे.”

“उद्या निळा सदरा घाल,” झेहावा म्हणाली. “आपण पडद्यावर येणार आहोत.”

मंगळवारी खुर्च्या पुरल्या नाहीत. लोक भिंतीला टेकून उभे होते. जपानमधल्या ओसाकाच्या शिक्षिका रात्री एकला जागून बघत होत्या. झेहावा पडद्याशेजारी काठी घेऊन उभी राहिली. काठी टेकायला नव्हती, दाखवायला होती.

दिवे मालवले. काळ्यापांढऱ्या चित्रात धान्याच्या पेंढ्या दिसल्या, मग मंच, मग पांढऱ्या झग्यांतल्या बारा मुली एका ओळीत.

“चौथी मी,” झेहावा मोठ्याने म्हणाली. “लांब वेणीची. पाचवी अदीना. आता नीट बघा. लिरोन, तू पुढे ये.”

लिरोन पुढे आला. अदीनाने डोळे मिटून घेतले होते.

ढोल वाजला. अकरा मुली उजवीकडे वळल्या. चौथी डावीकडे.